सिंधूताईंच्या माठाचं तापमान

रजत निमजेनं त्या मे महिन्यात जो गाढवपणा केला तो निष्काळजीपणातून झालेला नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. निष्काळजी माणसाच्या हातून असं काही होऊच शकत नाही. कागदावर लिहिलं होतं की मिश्रण खोलीच्या तापमानाला चार तास ठेवावं. रजतनं ते खोलीत ठेवलं. चार तास ठेवलं, मोबाइलमध्ये गजर लावून, मिनिटाचाही फरक न करता. आता तो कागद ज्या देशात लिहिला गेला तिथल्या खोलीत म्हणे बावीस अंश असतात आणि माणसं स्वेटर घालून प्रयोग करतात. नागपुरातल्या त्या खोलीत, दुपारी दीड वाजता, कूलरचा पंप जळालेला असताना, एक्केचाळीस होते. गजर वाजला आणि रजतनं ट्यूब उजेडात धरली, तेव्हा चार महिन्यांची मेहनत तळाशी दह्यासारखी विरजून बसली होती.

"काय झालं गा?" मागून सिंधूताईंनी विचारलं. त्या धुतलेल्या काचेच्या भांड्यांचा ट्रे घेऊन आत आल्या होत्या.

"प्रथिन फाटलं, ताई."

"दूध फाटते तसं?"

"हाव."

"मंग कलाकंद होते का पाय. चार महिन्याचा माल आहे, वाया कशाले घालवायचा?"

सिंधूताई रामटेके म्हणजे त्या संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरच्या परिचर. सव्वीस वर्षांपूर्वी रोजंदारीवर बाटल्या धुवायला लागल्या, नोकरीच्या चौदाव्या वर्षी कायम झाल्या, आणि आता एकतीस मेला निवृत्त होणार होत्या. कुहीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन त्या इंदोऱ्यात आल्या. नवरा लवकर गेला. उन्नती नावाच्या मुलीला त्यांनी बाटल्या धुऊन नर्स केलं. शिक्षण सातवी, पण तळमजल्यावर कोणाची पीएचडी किती वर्षांत होणार हे त्या फ्लास्कवरून सांगत. फ्लास्क पोराकडून जसा धुवायला येई तसा त्या खिडकीशी धरून पाहत. तळाशी वाळलेली रिंग दिसली की म्हणत, "याचे सात वर्ष." विसळून पाठवलेला आला की, "हे पोरगी पाचात जाते." आजवर दोनच वेळा त्यांचा अंदाज चुकला होता, आणि त्यातल्या एकानं मध्येच पीएचडी सोडून मोबाइलचं दुकान टाकलं होतं, त्यामुळं तो त्या धरत नसत.

रजतला त्यांनी आठ वर्षं दिली होती. त्याचं तिसरं चालू होतं.

रजत उमरेडचा. त्याच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट होतं; कपाटात बरणी, बरणीत बेडूक, आणि तो बेडूक पाहायची पाळी थेट दहावीत यायची. तेव्हापासून रजतच्या मनात विज्ञानाबद्दल अपार आदर होता. कागदावर लिहिलेलं तो कधी मोडत नसे. तिथंच सगळा घात झाला.

त्याचं काम असं होतं. धानावर करपा आणणारी एक बुरशी असते. तिच्यातलं एक प्रथिन जिवाणूंकडून तयार करून घ्यायचं. जिवाणू आपली हजारो प्रथिनं बनवत असतात. त्या गर्दीतून आपलं ओळखायचं कसं? तर त्याला आधीच एक शेपूट जोडून ठेवायचं. हे शेपूट निकेल लावलेल्या मण्यांना चिकटतं. बाकी सगळं वाहून जातं आणि आपलं प्रथिन शेपटानं लटकून राहतं, उमरेडच्या बसच्या दाराला पोट्टे लटकतात तसं. पण पुढच्या कामाला ते शेपूट नडतं. हैदराबादच्या ज्या मंडळींना या प्रथिनाचे स्फटिक बनवायचे होते त्यांनी स्वच्छ कळवलं होतं की शेपूट छाटून पाठवा, आणि एकतीस मेच्या कुरिअरनं पाठवा, नंतर आमचं यंत्र दुसऱ्याला दिलं आहे.

शेपूट छाटायला प्रोटिएज नावाचं एन्झाइम असतं. प्रथिनं कापणारी ही कातरी. पोटातल्या एन्झाइमसारखी ती दिसेल ते कापत सुटत नाही. सात अक्षरांची एक ठरावीक खूण तिला दिसली की तिथंच कापते, बाकी अंगाला धक्का लावत नाही. शेपटाच्या मुळाशी ती खूण आधीच लिहून ठेवलेली असते. मुळात ही कातरी मिळाली तंबाखूच्या झाडाला रोग पाडणाऱ्या एका विषाणूकडून. ही माहिती रजतनं एकदा दारावरच्या धोंडबाला दिली होती. धोंडबा हा तिथला चौकीदार. त्याच्या गालात सकाळी आठपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा असे.

"तंबाखूचा रोग?" धोंडबा म्हणाला होता. "म्हणजे मी रोजच एन्झाइम खाऊन राहिलो. आन् सर लोक मले म्हणते तुले विज्ञान समजत नाई."

तर ही कातरी मोठी नखरेल. चाळिशीपार गेली की स्वतः मरते आणि प्रथिनालाही घेऊन जाते. फ्रिजमध्ये ठेवलं तर अर्धी झोपते. रजतनं दोन दिवस ठेवून पाहिलं, निम्म्या प्रथिनांची शेपटं शाबूत. तिला पाहिजे चोवीस-पंचवीस. तेवढं देणारा गार इनक्युबेटर संस्थेत एकच होता, आणि त्याचा कॉम्प्रेसर एप्रिलमध्येच गेला होता. कंपनीचा माणूस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येणार होता. वॉटरबाथ होता, पण तो आंघोळीच्या बंबाच्या जातीचा. गरम कर म्हटलं तर करतो, गार कर म्हटलं की तोंडाकडं पाहत राहतो. त्यात रजतची स्वतःची कातरी त्या दुपारी दह्याबरोबर संपली होती. वरच्या मजल्यावरच्या प्रीतीनं तिच्याकडची थोडी दिली, देताना म्हणाली, "एवढीच आहे. ही पण विरजवली तर पुढच्या वेळी दाताने कापजो."

रीत एकदा बसली होती म्हणून पुन्हा चार महिने लागले नाहीत, तरी प्रथिन बनवून होईस्तोवर वीस तारीख उजाडली. वऱ्हांड्यात येऊन रजत पाणी पिऊ लागला, आणि पिता पिता थांबला.

हे पाणी सिंधूताईंच्या माठातलं होतं. संस्थेचं थंड पाण्याचं यंत्र बंद पडून चार उन्हाळे झाले होते. पण त्याच्याही आधीपासून, म्हणजे नोकरीला लागल्याच्या पहिल्या उन्हाळ्यापासून, सिंधूताई दरवर्षी मार्चमध्ये उमरेड रोडच्या कुंभाराकडून माठ आणत, तीन दिवस भिजवत, पाण्याचा मातकट वास गेला की वऱ्हांड्यात तिवईवर मांडत. वर झाकण, झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं, बाजूला पाच गिलास. रोज सकाळी स्वतः भरत. साहेब असो, माळी असो, कुरिअरवाला असो, ज्याला लागेल त्यानं बुडवून घ्यावं. निवृत्तीच्या दिवशी सत्कार करू, असं ऑफिसनं कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "शाल नको, नारळ नको. एकतीसच्या दिवशी सगळ्याइनं माझ्या मडक्याचं पाणी प्यावं. तळमजला, वरचा मजला, सगळे. बस."

आणि रजतच्या तोंडातलं पाणी गार होतं. फ्रिजसारखं गारढोण नव्हे, नेमकं गार. बाहेर चव्वेचाळीस. त्यानं खिशातला थर्मामीटर काढला.

साडेचोवीस.

इथं रजतनं दुसरा गाढवपणा केला, आणि हा मात्र कोणत्याही कागदावर लिहिलेला नव्हता. त्यानं प्रथिन आणि कातरी मिसळलेल्या सहा ट्यूब घट्ट बंद केल्या, त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीही घट्ट बांधली, आणि दोऱ्यानं माठात सोडली. थेंब बाहेर येणार नाही आणि थेंब आत जाणार नाही, याची त्याला शंभर टक्के खात्री होती. सिंधूताई तेव्हा वर होत्या. खाली आल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं, आणि मग जेवायला गेला.

चार वाजता धोंडबानं तिसऱ्या गिलासासाठी ओगराळं बुडवलं, तेव्हा पाण्याबरोबर पिशवी वर आली.

रजत धावत पोचला तेव्हा ओगराळं सिंधूताईंच्या हातात होतं, त्यातून पिशवी लोंबत होती, आणि धोंडबा भिंतीला टेकून स्वतःची नाडी पाहत होता.

"मी दोन गिलास पेलो," तो म्हणाला. "त्या कातरीनं आता माझं काय काय तुटते ते सांग."

"काही तुटत नाही भाऊ, पिशवी बंद आहे. अन् ती फक्त शेपूट कापते."

"तुले शेपूट आहे का धोंडबा?" सिंधूताईंनी विचारलं.

"नाई ना. तेच तं म्हणून राहिलो. शेपूट नाई दिसलं तं ते काय खाली हात परत जाईन?"

सिंधूताई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी रजतच्या हातात दिली, माठ कलंडवला आणि सगळं पाणी गुलमोहराच्या बुंध्याशी ओतून दिलं. प्रयोगशाळेची वस्तू ज्या भांड्यात शिरली ते भांडं पुन्हा खाण्यापिण्याला लागत नाही, हा तळमजल्यावरचा नियम त्यांचाच होता. या नियमाखाली त्यांनी एकदा खुद्द संचालकांचा आमरस रसायनांच्या फ्रिजमधून काढून मोरीत ओतला होता. आता नियम त्यांच्याच माठाला लागला.

"पिशवी बंद होती, ताई," रजत म्हणाला.

"डायरेक्टर सायबाच्या डब्याचंही झाकण बंद होतं. घे आता, ठेव तुमच्यात. मी दुसरं मडकं आणतो."

दुसऱ्या दिवशी रजतनं ट्यूबमधला थेंब जेलवर चढवला. जेल म्हणजे खरवसाच्या वडीसारखा लिबलिबीत पातळ थर. त्यात प्रथिनं आपापल्या आकाराप्रमाणं पुढं-मागं थांबतात. शेपटाचं वर थांबतं, बिनशेपटाचं खाली उतरतं. वर काहीच नव्हतं. खाली एक पट्टी, अशी स्वच्छ, जशी पट्टीनं आखली आहे.

रजतचे मार्गदर्शक सुमंत सर जेलकडे पाहिल्यावर उठून वऱ्हांड्यात गेले आणि माठासमोर मुलगी पाहायला आल्यासारखे उभे राहिले.

"किती अंश?"

"साडेचोवीस, सर. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. काटा हलत नाही."

"आपला इनक्युबेटर चांगला होता तेव्हाही दोन अंश हलायचा," सर म्हणाले. त्यांनी माठावर टिचकी मारली, आवाज ऐकला. "पण एका माठानं काही सिद्ध होत नाही, रजत. कदाचित प्रथिन आपोआपच तुटत असेल. कंट्रोल पाहिजे. तसाच माठ, तसंच पाणी, ट्यूबमध्ये फक्त कातरी नाही."

शुक्रवारी सिंधूताईंनी भिजवून तयार केलेला दुसरा माठ तिवईवर ठेवला. साडेअकराला तो कंट्रोल झाला.

"सर म्हणाले शास्त्राचं काम आहे," रजतनं सांगितलं.

"मंग लोकाइनं तहानलेलं राहावं असं शास्त्रात आहे का?"

"दोनच दिवस, ताई."

पण शास्त्रात तीन लागतात. एकदा झालं तो योगायोग, दोनदा झालं तो कदाचित योगायोग, तीनदा झालं तर ते छापता येतं. तिसरा माठ सिंधूताईंनी जिन्याखाली, झाडूच्या खोलीत लपवून भिजत घातला होता. तो प्रीतीनं शोधून काढला. तिच्याकडंही शेपटाची प्रथिनं पडून होती, आणि एन्झाइम तिचं असल्यामुळं माठावर आपलाही हक्क आहे असं तिचं म्हणणं होतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झाला त्या दिवशी वऱ्हांड्यात तीन तिवया होत्या, तीन माठ होते, प्रत्येकाच्या तोंडातून सहा-सहा दोरे लोंबत होते, आणि पिण्याला थेंब नव्हता. दुसऱ्या विभागांचे लोक येऊ लागले. भिंतीवर तक्ता लागला: कोण, कोणता माठ, किती ते किती. दहा जूनपर्यंत तक्ता भरला. एकानं विनंती केली की माठ क्रमांक दोन द्यावा, तो स्वभावानं शांत आहे. माळी नळाचं गरम पाणी पिऊ लागला. धोंडबा घरून बाटली आणायचा आणि बाटली कुणी बुक करू नये म्हणून मांडीखाली घेऊन बसायचा.

या सगळ्यात एकदा तहानलेल्या कुरिअरवाल्यानं माठ क्रमांक एकचं झाकण उचललं आणि सुमंत सर खोलीतून धावत आले. त्यांनी रजतला सूचना लावायला सांगितली. रजतनं, जो कागदावरचं कधी मोडत नसे, तो कागद स्वतः छापला आणि तिन्ही माठांवर डिंकानं चिकटवला. अक्षरं मोठी, ठळक, मधोमध. काम नीट झाल्याचं त्याला समाधान वाटलं.

सिंधूताई भांड्यांचा ट्रे घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"वाचून दाखव गा."

चष्मा त्यांच्या गळ्यातच होता. रजतनं वाचलं, "वैज्ञानिक उपकरण. स्पर्श करू नये."

"पुन्हा वाच."

"वैज्ञानिक उपकरण…" पुढचं त्याला या वेळी सरळ वाचता येईना.

सिंधूताईंनी ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "माझ्या आजीले वाचता नोतं येत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, बसची वेळ सांगावी तसा होता. "तिले कोणी कागद लावून नाई सांगितलं. तरी तिले बरोबर मालूम होतं. विहिरीपासून इतक्या लांब घागर ठेवायची अन् बसायचं. कोणाले दया आली तं तो वरून ओतन. नाई आली तं बसून राहा. दुपार होऊन जाये. मले ते सांगे अन् हसे. म्हणे, तेवढाच आराम." त्यांनी माठाकडं पाहिलं. "मी इथं लागलो तेव्हा पयल्या दिवशी मडकं आणलं. साहेब लोकाइच्या हातात ओगराळं दिलं. म्हटलं बुडवा, घ्या. सव्वीस वर्षं झाले, कोणाले ओतून देल्लं नाई मी, हे तूनं पायलं असन. ज्याचं त्यानं हातानं घ्यायचं."

रजतनं ते खरोखर रोज पाहिलं होतं, आणि त्याला वाटायचं की ताईंना ओतून द्यायचा कंटाळा आहे.

तो खाली बसला आणि माठावरचा कागद नखानं खरवडू लागला. डिंक त्यानं भरपूर लावला होता. कागद तुकड्यातुकड्यानं निघत होता, मातीचा रंग घेऊन.

"हे काढून काय होते?" सिंधूताई म्हणाल्या. "हे मडके आता गेलेच. एकतीस परवावर आली."

"माझं एक शेवटचं प्रथिन एकतीसला माठात ठेवायचं आहे, ताई. हैदराबादला त्याच दिवशी कापलेलं ताजं पाठवायचं, संध्याकाळी कुरिअर आहे. झालं की मी सरांना सांगतो, तक्ताच फाडतो."

"किती थंड पायजे तुले?"

"चोवीस-पंचवीस."

"मंग मडकंच काहून?"

"कसं आहे, ताई, माठातून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाळतं, वाळताना उष्णता घेऊन जातं, म्हणून…"

"ओलं फडकं वाळत नाई का?"

रजतकडं एमएस्सीचं सुवर्णपदक होतं. त्याच्या अभ्यासक्रमात फडकं नव्हतं.

सिंधूताईंनी कपाटातून जुन्या सुती लुगड्याचा तुकडा काढला, ओला केला, चार रिकाम्या ट्यूब त्यात गुंडाळल्या आणि पुरचुंडी खिडकीच्या गजाला बांधली. फडक्याचं लांब टोक खाली पाण्याच्या बीकरमध्ये सोडलं, म्हणजे ते आपोआप ओलं राहील. बाहेरची झळ तिच्यावर येऊन आदळत होती. "उन्नतीच्या दुधाची बाटली मी अशीच टांगत होतो," त्या म्हणाल्या. "फ्रीज कुठी होता आपल्याकडं? कधी फाटलं नाई."

अर्ध्या तासानं रजतनं थर्मामीटर खुपसला. चोवीस.

"ताई, हे आधी काहून नाही सांगितलं?"

"तूनं विचारलं कधी? तू तं सरळ पिशवी सोडली."

एकतीसला सकाळी सिंधूताई ऑटोतून उतरल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर घरचा माठ होता. जुना, मुरलेला, बाहेरून काळपट पडलेला. उन्नतीनं विचारलं होतं म्हणे की आपण काय प्यायचं. त्या म्हणाल्या, एक दिवस फ्रीजचं पे. चौथी तिवई आली. सिंधूताई बाजूला स्टुलावर बसल्या आणि दिवसभर उठल्या नाहीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तळमजल्यावर फ्लास्क न धुता पडून होते. सूचनेचा कागद कुठंच नव्हता. माठावर पाळत ठेवायला ताई स्वतः होत्या, पण नजर लोकांवर नव्हती, दोरे घेऊन फिरणाऱ्या पीएचडीच्या पोरांवर होती.

माळी आला. धोंडबा आला, तोंडातला खर्रा थुंकून, चूळ भरून, समारंभाला आल्यासारखा. वरच्या मजल्यावरचे आले. प्रीती आली, तिच्या एका हातात ट्यूबची पिशवी होती, ती तिनं ताईंची नजर पाहून पाठीमागं नेली. अकराच्या सुमारास सुमंत सर आले. आता त्यांची सवयच झाली होती. माठ दिसला की हात खिशातल्या थर्मामीटरकडे जाई.

"पयले प्या सर," सिंधूताई म्हणाल्या. "मंग मोजा. हे घ्या ओगराळं. बुडवा."

सरांनी बुडवलं. एक गिलास प्याले, मग दुसरा. मग ओगराळं झाकणावर परत ठेवून म्हणाले, "चांगलं आहे." थर्मामीटर खिशातच राहिला. सर काहीतरी मोजायचं सोडून गेले, हे त्या संस्थेत प्रथमच घडलं.

रजत आत होता. पुरचुंडी सकाळी नऊला टांगली होती. दर वीस मिनिटांनी तो फडक्याला हात लावून पाहत होता, बीकर भरत होता, लू कमी झाली का म्हणून खिडकीतून डोकं बाहेर काढत होता. एक वाजता कातरीचं काम संपलं. मग मिश्रण पुन्हा निकेलच्या मण्यांवरून सोडायचं: तुटलेली शेपटं मण्यांना चिकटतात, कातरीलाही तसलंच शेपूट असल्यामुळं तीही चिकटते, आणि बिनशेपटाचं प्रथिन तेवढं मोकळं होऊन खाली येतं. ते थेंब थेंब येतं. त्याला घाई चालत नाही. मग जेल. जेलवर एक पट्टी, खाली, स्वच्छ. मग बर्फ, थर्माकोलचा डबा, चिकटपट्टी, पत्ता. कुरिअरवाला दारात आला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यानंही आत येता येता एक गिलास बुडवून घेतला होता.

डबा गेला आणि रजत वऱ्हांड्यात आला. घसा कोरडा पडला होता. सकाळपासून त्याच्या तोंडात थेंब गेला नव्हता.

सिंधूताई माठ पालथा घालून फडक्यानं पुसत होत्या.

"संपलं?" रजतनं विचारलं.

"आताच. तुझ्या कुरिअरवाल्यानं शेवटचा घेतला." त्यांनी पाच गिलास एकात एक घातले. "बावन्न झाले. संचालक सायब पण येऊन गेले. आमरसाचा राग नाई दिसला. सगळे झाले, रजत. तूच राहिला."

रजतनं तिन्ही माठांकडं पाहिलं. पाण्यानं काठोकाठ भरलेले, दोरे लोंबत असलेले, आणि प्यायचे नसलेले.

"मी नळाचं पितो, ताई."

"नळाचं धरत नाई मी." त्या उठल्या, माठ कमरेवर घेतला. "माझं एक मडकं तुह्या नावावर आहे. पयलं जे तूनं घेतलं ते. बाकी दोन सरांचं अन् प्रीतीचं, ते राहू दे. नवं मडकं घेऊन घरी ये. मी भरतो, तू बुडवून पे. तेव्हा माझे त्रेपन्न होते."

"आठवड्याच्या आत आणतो. उमरेडहून. आमच्याकडचे काळे माठ येतात, ते यापेक्षाही गार."

"आण मंग." फाटकाशी ऑटोत बसताना त्या म्हणाल्या, "आन् आठ वर्ष म्हटलं होतं ना मी? सात धर."

रजतनं शब्द पाळला, असं म्हणायला हरकत नाही. पुढच्याच रविवारी तो उमरेडला गेला, माठ घेतला, एसटीत मांडीवर ठेवून आणला. कंडक्टरनं माठाचं अर्धं तिकीट काढावं का यावर मागच्या बाकावरच्यांनी नागपूर येईस्तोवर तासभर वाद घातला. नवा माठ तीन दिवस भिजवावा लागतो, हे त्याला ताईंनीच शिकवलं होतं. हॉस्टेलला पाणी सकाळी अर्धा तासच येतं. म्हणून त्यानं तो प्रयोगशाळेच्या मोरीत, नळाखाली, भरून ठेवला आणि रात्रीच्या बसचा शीण काढायला झोपायला गेला.

सकाळी येऊन पाहतो तर माठातून दोरा लोंबत होता.

"साडेतेवीस," प्रीती म्हणाली. तिनं थर्मामीटर उजेडात धरला होता. "एवढा चांगला माठ आजपर्यंत मिळाला नाही. कुठून आणला बे?"

दुसऱ्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला. त्यानं इनक्युबेटरची पाठ उघडली, पुन्हा लावली आणि सांगितलं की पार्ट बाहेरून मागवावा लागेल. मग तो वऱ्हांड्यात गेला, तीन माठ आणि तक्ता पाहिला, आणि याचा डीलर कोण म्हणून विचारू लागला.

त्या दिवशी दुपारी रजतचा फोन वाजला.

"काय गा," सिंधूताई म्हणाल्या. "गिलास धुऊन ठेवला आहे तुझा. मडकं कुठी आहे?"

रजतनं मोरीकडं पाहिलं. दोऱ्याला सहा ट्यूब होत्या, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यातल्या दोन त्याच्या स्वतःच्या होत्या.

"भिजत घातलंय, ताई," तो म्हणाला.